शोरूममधलं पेंट प्रोटेक्शन पॅकेज: काय घ्यावं, काय नाकारावं

नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, इन्शुरन्स आणि फास्टॅग झाले की खाली एक ओळ हळूच येते: ‘पेंट प्रोटेक्शन’, ‘केअर पॅकेज’ किंवा ‘एसेन्शियल किट’. टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग, अंडरबॉडीचं म्हणजे गाडीच्या तळाचं अँटी-रस्ट (गंजरोधक थर), सायलेन्सर कोटिंग आणि सीटवर मारायचा स्प्रे अशी मोट त्यात बांधलेली असते. लहान हॅचबॅकला साधारण १० हजारांपासून मोठ्या एसयूव्हीला ४० हजारांपर्यंत आकडा जातो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आमचं मत आधीच सांगून टाकतो. टेफ्लॉनला सरळ नाही म्हणा. सिरॅमिक हवंच असेल तर शोरूममध्ये करू नका. अंडरबॉडीचं तुम्ही कुठे राहता त्यावर ठरवा. पैसे घालायचेच असतील तर ते गाडीच्या पुढच्या भागाच्या पीपीएफवर (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) घाला, आणि तेही बाहेरच्या चांगल्या स्टुडिओत.

सेल्समनचा पहिला मुद्दा ठरलेला असतो: ‘सर, उन्हाने रंग उडतो.’ आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने बसवलेला प्रायमर असतो. गंजाविरुद्धची खरी ढाल तीच. त्यावर सरफेसर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. अतिनील किरण शोषणारी रसायनं त्या क्लिअर कोटमध्ये कारखान्यातच मिसळलेली असतात, आणि रंग सुमारे १४० अंशांवर भट्टीत पक्का झालेला असतो. म्हणजे उन्हापासूनचं संरक्षण गाडीच्या किमतीत आधीच आलेलं आहे. त्याचे पुन्हा पैसे कशाला?

टेफ्लॉनचा निकाल थोडक्यात लागतो. तव्यावरचं टेफ्लॉन चिकटतं ते भट्टीच्या उष्णतेने, कारण हा पदार्थ वितळायलाच ३२७ अंश लागतात. एवढी उष्णता गाडीला दिली तर रंगच करपेल. शोरूममध्ये त्या नावाखाली मिळतं ते मशीनने फिरवलेलं पॉलिश, जे काही धुण्यांत निघून जातं आणि म्हणूनच ‘दर सहा महिन्यांनी पुन्हा’ असं कार्डावर छापलेलं असतं.

सिरॅमिकचं तसं नाही. ते थोतांड नाही, पण त्याच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं खोटं असतं. सिलिकावर आधारलेलं हे द्रव क्लिअर कोटवर सुकून एक-दोन मायक्रॉनचा थर धरतं. चकाकी वाढते, पाणी थेंब होऊन घरंगळतं, चिखल लवकर सुटतो, पक्ष्याची विष्ठा पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. हा एवढाच फायदा. जाहिरातीतला ‘९एच हार्डनेस’ (कठीणपणा) हा आकडा पेन्सिल चाचणीतला आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने थरावर सरकवतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहतात. म्हणजे सामना शिशाशी आहे, किल्लीशी नाही आणि खडीशी तर नाहीच. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते कुठल्याही पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतात. त्यामुळे ‘आता चरे पडणार नाहीत’ असं कोणी म्हणालं तर ते वाक्य वॉरंटी कार्डावर लिहून मागा. कोणी लिहून देत नाही.

आणखी एक गंमत. पेंटची जाडी मोजणाऱ्या साध्या मीटरची चूकच दोन-तीन मायक्रॉनची असते. त्यामुळे एक मायक्रॉनचं सिरॅमिक खरंच मारलं की नुसतं पॉलिश फिरवलं, हे मीटरला कळत नाही. पाण्याचे थेंब दाखवून सिद्ध करतात, पण तसे थेंब ७०० रुपयांच्या स्प्रे सीलंटवरही (रंगावर फवारून पुसायचं संरक्षक द्रव) उभे राहतात.

खरी अडचण ते मारण्याच्या पद्धतीत आहे. नीट करायचं तर गाडी आधी धुवायची, मग आयर्न रिमूव्हर मारायचा. रेल्वेने किंवा ट्रेलरवरून आलेल्या आणि स्टॉकयार्डात पडून राहिलेल्या गाडीवर लोखंडाचे बारीक कण बसलेले असतात. हे द्रव त्यांना भिडलं की जांभळे ओघळ दिसतात. मग क्ले बार (रंगात अडकलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा), मग बारीक पॉलिशचा एक हात, मग पॉलिशचं तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पुसणं. हे शेवटचं पुसणं वगळलं तर कोटिंग रंगाला न धरता तेलावर बसतं आणि दोन महिन्यांत उतरतं. त्यानंतर दोन-दोन फुटांचा भाग घेऊन कोटिंग लावायचं, मिनिट-दोन मिनिटांत ते चमकायला लागलं की मायक्रोफायबरने सपाट करायचं. पुढे किमान १२ ते २४ तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही. हॅचबॅकला २५-३० मिली, मोठ्या गाडीला ५० मिली माल पुरतो. म्हणजे बिलातला मोठा भाग मजुरीचा असतो, आणि शोरूममध्ये नेमकी मजुरीच कापली जाते.

वॉशिंग बेच्या शेजारी, उडत्या धुळीत, दोन-अडीच तासांत एक गाडी उरकली की असं होतं: सपाट करायला उशीर झालेल्या जागी कोटिंग गोळा होऊन कडक होतं. गडद रंगाच्या बोनेटवर ट्यूबलाइटच्या उजेडात तेलासारखे इंद्रधनुषी पट्टे दिसतात. दोन-तीन तासांत लक्षात आलं तर त्याच कोटिंगचा ओला हात फिरवून ते निघतात. दुसऱ्या दिवशी मशीनने घासण्यावाचून इलाज नाही, आणि घासलं की क्लिअर कोटही थोडा जातो. दसरा किंवा पाडव्याच्या डिलिव्हरीला तर हे हमखास होतं. एका सकाळी १५-२० गाड्या द्यायच्या असतात, कोटिंग आदल्या रात्री उरकतात आणि सुकायच्या आत सकाळी गाडी धुऊन पूजेला उभी करतात. मुहूर्ताची गाडी घ्या, मुहूर्ताचं कोटिंग नको.

पूजेवरून आठवलं. बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, ते तासाभरात साध्या पाण्याने उतरवा. ताज्या कोटिंगवर किंवा पीपीएफवर हळद-कुंकू उन्हात तसंच राहिलं तर डाग धरू शकतं. पांढऱ्या गाडीवर ते लगेच नजरेत येतं. झेंडूच्या हाराची तार बंपरला घासणार नाही हेही बघा.

वॉरंटीचं कार्ड ‘३ वर्षं’ किंवा ‘५ वर्षं’ म्हणतं. मागची बाजू वाचा. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, पाण्याचे डाग, खडीचे टवके आणि चरे या सगळ्यांना बहुधा वगळलेलं असतं, म्हणजे रंग ज्याने खराब होतो ते सगळंच वगळलेलं. शिवाय दर सहा महिन्यांनी त्याच डीलरकडे पैसे भरून ‘मेंटेनन्स’ करायची अट असते आणि एक फेरी चुकली की वॉरंटी रद्द. अपघातात दार बदललं तर त्यावरचं कोटिंग पॉलिसीत वेगळी नोंद केल्याशिवाय भरून मिळेल असं गृहीत धरू नका.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी सिरॅमिकबद्दल जरा जास्तच विचार करावा. कडक पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. सिरॅमिकवर पाणी थेंबांत उभं राहतं आणि उन्हात ते थेंब जागेवरच वाळून पांढरी वर्तुळं सोडतात. डाग ताजे असतील तर साधं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घेऊन कापड मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. महिनाभर राहिले तर ते आत रुततात आणि पॉलिशशिवाय जात नाहीत.

आता पीपीएफ. ही खरोखरची फिल्म असते, टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची, १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड. खडीचा मार तीच झेलू शकते. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडणारे खडे बंपर, बोनेटची पुढची कड आणि आरसे यांवर बसतात, छतावर क्वचितच. म्हणून पूर्ण गाडीला फिल्म लावायचा आग्रह आम्हाला पटत नाही. पूर्ण गाडीला ७० हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत खर्च येतो; सात-आठ लाखांच्या गाडीला हे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यातुलनेत सर्व्हिस सेंटरमध्ये एक पॅनल रंगवायला साध्या गाडीला चार ते आठ हजार लागतात. पुढचा बंपर, बोनेट, आरसे, दाराच्या मुठीमागची खोबण (नखांचे चरे तिथे सगळ्यांत जास्त पडतात), दारांच्या कडा आणि डिकीत सामान चढवताना घासणारी मागच्या बंपरची वरची पट्टी, एवढं केलं की काम भागतं. साधारण २० ते ४० हजारांत बसतं.

फसवणूक इथेही आहे. पीव्हीसीची फिल्म ‘पीपीएफ’ म्हणून निम्म्या भावात विकतात. ती ताठ असते, वर्षभरात पिवळी पडते आणि कडांना आकसते. नमुन्याचा तुकडा मागा, पितळी ब्रशने हलके ओरखडे काढा आणि गरम पाणी ओता. टीपीयूवरचे ओरखडे विरतात, पीव्हीसीवरचे तसेच राहतात. रोलवरचा सिरियल नंबर आणि कंपनीची ई-वॉरंटी घ्या. छत्रपती संभाजीनगरची गरवारे हाय-टेक फिल्म्स अशी फिल्म बनवते, त्यामुळे आयात केलेल्या रोलचाच हट्ट धरायची गरज नाही. गाडीवर ठेवून ब्लेडने फिल्म कापणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. ब्लेड फिल्मखाली उतरलं की क्लिअर कोटमध्ये रेघ पडते, आणि ती कळते फिल्म काढल्यावर. प्लॉटरवर (संगणकावरच्या मापाने फिल्म कापणाऱ्या मशीनवर) आधी कापलेले तुकडे लावतो का, ते विचारा. कुठलाही पॅनल नुकताच रंगवून घेतला असेल तर महिनाभर थांबा. दुकानातला रंग ६० अंशांच्या आसपास सुकवलेला असतो आणि त्याच्या आतली द्रव्यं बाहेर पडायला वेळ लागतो.

अंडरबॉडीचं अँटी-रस्ट म्हणजे डांबरी काळा स्प्रे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याची किनारपट्टी किंवा समुद्राजवळची मुंबई, इथे खाऱ्या हवेमुळे त्याला अर्थ आहे. सोलापूर किंवा अकोल्याच्या कोरड्या हवेत तो पैसा वायाच समजा, कारण पत्र्याच्या सांध्यांना कारखान्यातच सीलंट लावलेलं असतं. करून घेतलंत तर टॉर्च घेऊन वाका आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं बघा. घाईत मारलेल्या स्प्रेने ती बुजतात, पावसाचं पाणी दारात साचतं आणि ज्याच्यासाठी पैसे दिले तो गंज आतूनच सुरू होतो. सायलेन्सरवर उडालेला स्प्रे पहिल्या प्रवासात जळून वास मारतो. सायलेन्सर कोटिंगबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, नका घेऊ. सीटच्या स्प्रेचंही तेच.

गाडीच्या चकाकीचा खरा शत्रू सोसायटीत रोज पहाटे येतो. एक बादली, एक फडकं, दहा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत फडक्यात वाळू भरलेली असते आणि वर्षभरात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे उमटतात. यावर कुठलंही कोटिंग टिकत नाही. कोरडं पुसणं बंद करायला सांगा, काचा तेवढ्या पुसून घ्या. आठवड्यातून एकदा दोन बादल्यांनी धुवा, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. तीन महिन्यांतून एकदा स्प्रे सीलंट. वर्षाचा खर्च दोन-अडीच हजारांच्या वर जात नाही आणि पॅकेजचं बहुतेक काम होतं.

नाकारायचं कसं? बुकिंग फॉर्मवरच लिहा: ‘डिलिव्हरीपूर्वी पॉलिश, कोटिंग करू नये.’ तीच ओळ ईमेलने पाठवा. ‘पॅकेजशिवाय गाडी मिळणार नाही’ असं म्हणाले तर तेही लेखी मागा. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घ्यायची अट घालणं हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधात्मक व्यापार प्रथेत मोडतं, आणि १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते. बहुतेकदा एवढं म्हटलं की ती ओळ कोटेशनमधून गायब होते. ‘गाडीवर आधीच मारलंय’ हे उत्तर आलं तर न सांगता केलेल्या कामाचे पैसे देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि पीडीआयच्या (डिलिव्हरीपूर्वीच्या तपासणीच्या) वेळी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बोनेटवरचे पट्टे तपासा.

घासाघीस करूनही डीलर रक्कम कमी करायला तयार नसेल तर ती दुसरीकडे वळवून मागा: तेवढ्याच किमतीची एक्स्टेंडेड वॉरंटी, मॅट आणि मडफ्लॅप. मडफ्लॅप तर पुढचे-मागचे चारही घ्या. दाराखालच्या पट्टीवर उडणारी खडी तेच अडवतात.