पाच रविवार आणि एक ‘मुकाट्यानं’

नौपाड्यात कथालेखनाची एक कार्यशाळा भरते. पाच रविवार, सकाळी दहा ते एक, फी ३५०० रुपये. मध्ये चहा, आणि बिस्किटांचा एक पुडा सहा जणांत. नाव लिहीत नाही, कारण शिकवणारी माणसं भली आहेत आणि ठाण्यात तलावपाळीवर कोण कधी समोर येईल सांगता येत नाही. पण यंदा दोघी मैत्रिणींनी विचारलं, “जाऊ का गं?” म्हणून हे लिहितेय.

मी कळव्याची, वाशीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. ठाणे-वाशी गाडीत बसायला मिळालं तर फोनवर लिहिते, नाही मिळालं तर डोक्यात. घेऊन गेले होते ती कथा बाबांची. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली झाली ती वागळे इस्टेटपासून, आणि आमच्या चाळीतले निम्मे पुरुष तिथेच कामाला. बाबांच्या कंपनीचं गेट बंद झालं तेव्हा मी सातवीत होते. बाबांनी घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायचे, साडेपाचला परत यायचे.

पहिल्या रविवारी फळ्यावर आलं, ‘सांगू नका, दाखवा.’ माझ्या कच्च्या खर्ड्यात होतं, ‘बाबा खचले होते. त्यांना फार अपमान वाटत होता.’ सरांनी त्याखाली पेन्सिल ओढली आणि एवढंच विचारलं, “डबा कुठे बसून खायचे?” मासुंदा तलावाच्या काठावर. आणि मग एकदम आठवलं. कंपनीतून डबा नेहमी खरकटा यायचा. त्या दिवसांत मात्र घासूनपुसून, कोरडा होऊन यायचा. वेळच वेळ होता ना. मी ती दोन वाक्यं खोडली आणि धुतलेला डबा ठेवला. फीचे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले, हे मान्य करायलाच हवं.

बिघडलं ते दुसऱ्या रविवारी, त्याच नियमापायी. पडद्यावर रशियन कथाकार चेकॉव्हचं ते सगळीकडे फिरणारं वाक्य: चांदणं पडलंय असं सांगू नका, फुटक्या काचेवर ते चमकताना दाखवा. सर म्हणाले, सगळ्या कथेला हे लावा. मी लावलं! ‘असे अकरा महिने गेले’ या एका वाक्याचे तीन प्रसंग झाले. तलावावर ऊन, तलावावर पाऊस, तलावावर थंडी. २५०० शब्दांची कथा ४२०० वर गेली, आणि आता तिच्यात अकरा महिने नव्हते, तीन दुपारी होत्या. पुढे चेकॉव्हचं मूळ पत्र वाचलं. १८८६ च्या मे महिन्यात भावाला, अलेक्झांडरला लिहिलेलं. ते वाक्य तसंच्या तसं त्यात नाहीच. बाटलीच्या काचेचा तुकडा आहे, पण निसर्गवर्णनाच्या संदर्भात. आणि पुढे, पात्राची मनःस्थिती त्याच्या वागण्यातून कळू द्या, असं आहे. म्हणजे डब्याच्या बाबतीत सर बरोबर होते. महिने एका वाक्यात ओलांडू नका, असं मात्र चेकॉव्ह त्यात कुठेही म्हणत नाही.

तिसऱ्या रविवारी छापील कागद मिळाला. ‘क्रियाविशेषणं गाळा.’ माझ्या कथेत होतं, ‘आई मुकाट्यानं डबा भरायची.’ सरांनी ‘मुकाट्यानं’ला गोल केला. गाळून बघा तुम्हीच. ‘आई डबा भरायची.’ कुठलीही आई भरते. आईला सगळं कळलेलं होतं (अर्धी चाळ वागळेत, कळणार नाही कसं? शिवाय तो कोरडा डबा), आणि कळूनही ती बोलत नव्हती, हे सगळं त्या एका शब्दात होतं. इंग्रजीत पाय ओढत चालायला वेगळं क्रियापद, ऐटीत चालायला वेगळं. तिथे हा सल्ला शोभत असेल. आपल्याकडे बहुतेक वेळा ‘चालणं’ तेच. माणूस ओळखू येतो तो तुरुतुरु, लगबगीनं, रमतगमत, फरफटत यांवरून.

त्याच कागदावर खाली, ‘कर्मणी प्रयोग टाळा.’ हा तर कहर. इंग्रजीतल्या ‘पॅसिव्ह व्हॉइस’चं भाषांतर करताना शाळेतलं व्याकरण कुणाला आठवलं नसावं. ‘बाबांनी डबा धुतला’ हाच कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद बाबांप्रमाणे नाही, डब्याप्रमाणे बदलतं. आता बाबांनी काल डबा धुतला तर तो मी लिहू कसा? मी हे विचारलं. वर्ग हसला, सरही हसले, कागद तसाच राहिला. पुढचे पंधरा दिवस मी गाडीत एक ओळही लिहिली नाही. प्रत्येक शब्दाला आपण चोर पकडतोय असं वाटायचं.

चौथ्या रविवारचं, ‘जे माहीत आहे तेच लिहा.’ घोडबंदर रोडचा एक मुलगा गायमुखच्या खाडीतल्या भुताची कथा लिहीत होता, वर्गातली सर्वांत चांगली. त्याला आपल्या आयटी ऑफिसवर लिही म्हणाले. पाचव्या रविवारी तो आला नाही.

पाचवा रविवार मात्र सोन्यासारखा. दिवाळी अंकांचं संपादन केलेल्या एक बाई येतात आणि प्रत्येकाची कथा समोर बसून वीस मिनिटं वाचतात. माझी त्यांनी मोठ्यानं वाचली. ‘मुकाट्यानं’ पाशी थांबल्या, गोल खोडरबरानं पुसला. तीन दुपारींवर आडवी रेघ मारून समासात लिहिलं, ‘इथे नुसतं सांग.’ पण त्यात तलावावरच्या पावसाचा माझा लाडका परिच्छेदही गेला. “हा पाऊस तुझा आहे, बाबांचा नाही,” म्हणाल्या. घरी येताना लोकलमध्ये चडफडले. दुसऱ्या दिवशी पटलं.

पाचपैकी साडेतीन तारे. जायचं तर कथा पूर्ण लिहून मग जा. अर्धी घेऊन गेलात तर तो छापील कागद ती पुरी होऊ देणार नाही. आयोजकांना मी कळवलंय की बाईंना पहिल्या रविवारी बोलवा आणि कागद छापूच नका. उत्तर आलेलं नाही. हॉलमधल्या पंख्याचा आवाज फार आहे, पुढे बसा. आणि चहा घरून पिऊन निघा.