हार्ड ट्यूब की सॉफ्ट ट्यूब? खान्देशातल्या उन्हात कस्टम लूप लावण्याआधी

जळगावात लग्नसराई आणि ऊन एकाच गाडीने येतात. माझं काम लग्नाच्या व्हिडिओंचं. त्यामुळे मशीनवर, म्हणजे एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर, सगळ्यात जास्त ओझं पडतं ते एप्रिल-मेमध्ये, बाहेर पारा ४४-४५ला टेकलेला असताना. आरटीएक्स ४०९० ग्राफिक कार्ड आणि १६ कोअरचा रायझन प्रोसेसर एकदम कामाला लागले की सहाशे वॉटच्या आसपास उष्णता सोडतात. कस्टम लूप म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः केलेली पाण्याची फेरी: पंप नळ्यांतून पाणी फिरवतो, चिपवर बसवलेला धातूचा ब्लॉक उष्णता पाण्यात सोडतो आणि रेडिएटर ती उष्णता फक्त पाण्यातून खोलीत नेऊन टाकतो. तो कितीही मोठा घेतला तरी पाणी खोलीपेक्षा गार होत नाही. पुण्या-बंगळूरच्या कुणाचा लूप बघून आपण सामानाची यादी करतो आणि फसतो ते इथेच. त्याची खोली २६ अंशांची असते. माझी मेमध्ये डेझर्ट कूलर चालू असताना ३२ची, आणि वीज गेली की मशीन इन्व्हर्टरवर, कूलर बंद, तासाभरात ३८. त्यावर पाण्याचे आपले दहा-बारा अंश चढवा. पन्नासला पोचलो. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

कस्टम लूप करायचाच की नाही, हा वाद इथे घालत नाही. फक्त गेमिंग असेल आणि ग्राफिक कार्ड मध्यम असेल, तर चांगला एअर कूलर लावा आणि उरलेल्या पैशात खोलीला एसी बसवा. गंमत नाही, खरंच. एआयओमध्ये, म्हणजे कंपनीतूनच पाणी भरून बंद केलेल्या तयार कूलरमध्ये, तीन-चार वर्षांत आतलं पाणी हळूहळू कमी होतं, आणि बहुतेक मॉडेलांत ते पुन्हा भरायची सोय नसते. ज्यांचं ठरलंय, दोन रेडिएटर, डी५ पंप आणि कार्डाचा ब्लॉक यादीत आलाय आणि आता नळीवर गाडी अडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही वापरल्यात. आधी सव्वा वर्ष पीईटीजी नावाच्या प्लास्टिकची कडक नळी, म्हणजे हार्ड ट्यूब, त्यानंतरचे दोन उन्हाळे काळी ईपीडीएम रबराची सॉफ्ट ट्यूब.

हार्ड ट्यूबला पहिले मार्क द्यायचे ते देखणेपणाचे, आणि ते पूर्ण द्यायला हवेत. भुसावळच्या माझ्या मित्राच्या स्टुडिओत अ‍ॅक्रिलिकचा लूप आहे. सरळ रेषा, काटकोनात वाकवलेल्या नळ्या, काचेमागे मंद पांढरा उजेड. गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं की आधी अल्बम बघत नाही, ते मशीन बघतं. आमच्या धंद्यात याला किंमत आहे. दुसरं म्हणजे नळी कडक असल्याने लटकत नाही, पंख्याला घासत नाही, एकदा बसली की बसली. आणि वाकवण्याच्या कामात एक नशा आहे, ती ज्याने केलंय त्यालाच कळेल. नळीत सिलिकॉनची दोरी घालायची, हीट गनसमोर सारखी फिरवत राहायची, आणि ती हातात लव्हाळ्यासारखी लवायला लागली की साच्यावर टेकवून श्वास रोखून धरायची.

फक्त हे काम जानेवारीत करा. मी मेमध्ये करायला बसलो. पंखा लावला की नळीची एक बाजू लवकर गार होते आणि वळणावर सुरकुती पडते. म्हणून पंखा बंद, कूलर बंद, हातात हीट गन. घाम नाकाच्या शेंड्यावरून नळीवर टपकत होता. सहा नळ्या हव्या होत्या, अकरा वाया गेल्या.

आता तो पन्नासचा आकडा. पीईटीजी सुमारे ८० अंशांना मऊ पडतं, म्हणजे कागदावर आपण बरेच अलीकडे असतो. पण फिटिंगच्या रिंगा नळीला चारही बाजूंनी आवळत असतात आणि रेंडर, म्हणजे व्हिडिओची शेवटची फाइल तयार होणं, तास न् तास चालतो. मी काही प्रयोगशाळेत मोजलं नाही. उन्हाळा संपल्यावर नळ्या काढल्या तेव्हा दोन टोकांवर बोटाला लागेल असा खळगा पडलेला होता, घट्ट बांगडीचा मनगटावर उमटतो तसा. माझ्याकडून फिटिंग जास्त आवळली गेली असेल, असंही म्हणता येईल. मित्राच्या अ‍ॅक्रिलिकला असं काही झालेलं नाही. अ‍ॅक्रिलिक शंभरीच्या आसपास मऊ होतं, त्यामुळे आपल्याकडे हार्डच करायचं असेल तर पीईटीजीच्या वाटेला जाऊ नये, एवढं मी म्हणेन. वाकवायला ते जास्त हट्टी असतं, जरा जास्त तापलं की आत बुडबुडे येतात, पण एकदाच करायचंय.

माझं मन फिरलं ते मात्र खळग्यांमुळे नाही. एका स्क्रूमुळे फिरलं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. मुहूर्तावर दुसऱ्या दिवशी दोन लग्नांचं शूटिंग, आणि आधीच्या एका लग्नाचा हायलाइट त्याच सकाळी द्यायचा शब्द दिलेला. एसएसडी गच्च भरली होती. नवी दोन टीबीची आणून ठेवलेली, बसवायची तेवढी बाकी. काम एका स्क्रूचं, पाच मिनिटांचं. पण माझ्या मदरबोर्डवर एसएसडी बसवायची एम.२ची रिकामी जागा होती बरोबर ग्राफिक कार्डाच्या खाली. कार्ड काढायचं तर त्याच्या दोन नळ्या काढायच्या. नळ्या काढायच्या तर लूपमधलं सगळं पाणी काढायचं.

ड्रेन व्हॉल्व्ह होता, पण मी तो दिसायला बरा म्हणून पंपाच्या बाजूला लावला होता, सगळ्यात खालच्या जागी नाही. त्यामुळे लिटरभर पाणी निघालं आणि कार्डाच्या ब्लॉकमधलं तसंच राहिलं. धाकट्या भावाला हाक मारली, दोघांनी केस उचलून तिरकी धरली, खाली जुनं धोतर अंथरलं. नळी ओढताना एक ओ-रिंग, म्हणजे फिटिंगमधली गळती रोखणारी रबरी कडी, कापली गेली, कारण नळीची कड मी नीट घासली नव्हती. रात्री दहाला जळगावात ती ओ-रिंग कुठून मिळणार? मोटरसायकल काढून भुसावळ गाठलं, मित्राच्या डबीतून चार रिंगा घेऊन परत. मग एसएसडीचा तो एक स्क्रू. मग पुन्हा नळ्या, हवेच्या पंपाने अर्धा बार दाब देऊन पंधरा मिनिटं काटा हलतो का ते बघणं, मग पाणी भरणं, मग हवा काढणं. पहाटे आई पुरण शिजवत होती आणि मी केस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलंडवत बुडबुडे काढत होतो. बहिणी माहेरी आलेल्या. त्यांनी मला काय काय नावं ठेवली ते लिहीत नाही. हायलाइट संध्याकाळी गेला, सकाळी नाही.

यात हार्ड ट्यूबचा दोष किती आणि माझ्या आखणीचा किती, हा प्रश्न रास्त आहे. व्हॉल्व्ह तळाशी असता तर दोन तास वाचले असते. दुसरी एसएसडी सुरुवातीलाच बसवली असती तर ती रात्रच आली नसती. तरीही मशीन पोटापाण्याचं असेल तर ते वर्षातून तीन-चार वेळा उघडावं लागतंच, आणि हार्ड ट्यूबमध्ये प्रत्येक वेळी गाठ पाण्याशी पडते.

पावसाळ्यात ईपीडीएमची नळी घेतली. आतून १०, बाहेरून १६ मिलिमीटर. केळीच्या बागेत पसरलेली ठिबकची लॅटरलही १६ मिलिमीटरचीच असते, त्यामुळे अमळनेरचे मामा आले तेव्हा दारातूनच म्हणाले, “काय रे भो, घरमा ठिबक करी ऱ्हायना का?” दिसायला ती तशीच आहे, खोटं कशाला बोलू. जाड, काळी, मंद. काचेच्या केसमध्ये ती बघून कुणी वाहवा करणार नाही. कैचीने कापायची, फिटिंगवर रेटायची, रिंग आवळायची. सगळा लूप एका दुपारी झाला आणि एक वीतसुद्धा नळी वाया गेली नाही.

कार्डाच्या दोन्ही नळ्या मी मुद्दाम चार-चार बोटं लांब ठेवल्या. गेल्या डिसेंबरात तीच एम.२ची जागा पुन्हा उघडायची वेळ आली. मशीन बंद केलं, कार्डाची केबल आणि स्क्रू काढले, कार्ड नळ्यांसकट उचललं आणि केसच्या वरच्या पट्टीला सुतळीने टांगलं. एसएसडी बदलली, कार्ड परत बसवलं. पाण्याचा एक थेंब बाहेर काढावा लागला नाही. चहा ठेवून गेलो होतो, तो उतू जायच्या आत परत आलो असं म्हणणार नाही, पण गार व्हायच्या आत नक्की आलो.

सॉफ्ट म्हणताना पारदर्शक पीव्हीसीची नळी डोळ्यांसमोर आणू नका. तिच्यातलं प्लास्टिसायझर हळूहळू पाण्यात उतरतं, नळी धुरकट होते आणि ब्लॉकच्या बारीक पट्ट्यांत चिकट थर बसतो. ईपीडीएममध्ये ही भानगड नाही. नवी नळी धुतली तेव्हा पहिल्या पाण्याला किंचित करडी झाक आली होती, म्हणून दोनदा धुतली. अगदी आखूड वळणावर ती चिमटते, तिथे कोनाची फिटिंग लागते आणि फिटिंगचा खर्च वाढतो. काळ्या नळीचा एक फायदा मला नंतर कळला: आत उजेड जात नाही, त्यामुळे शेवाळाला थारा कमी. आणि पाणी दिसतच नसल्याने त्यात रंग घालायचा मोह होत नाही. दुधाळ रंगाची ती कूलंट फोटोत भारी दिसतात, पण त्यांतले कण ब्लॉकमध्ये साचतात.

पाण्याबद्दल दोन्हीकडे नियम एकच. बोअरचं पाणी मनातही आणू नका. कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत जो पांढरा थर चढतो, तोच थर अर्ध्या मिलिमीटरच्या फटींत बसलेला कसा दिसेल याची कल्पना करा. ठिबकवाले लॅटरलला अ‍ॅसिड सोडून क्षार काढतात, तसं निकेल चढवलेल्या ब्लॉकला करता येत नाही. मी केमिकलच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणतो आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं तयार द्रावण मिसळतो. रेडिएटर, ब्लॉक सगळं तांब्या-पितळेचं घ्या, त्यात अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडाही मिसळू देऊ नका. गंज तिथूनच सुरू होतो.

आणि धूळ. जिनिंग सुरू झालं की आमच्या भागात हवेत कापसाचा बारीक भुसा तरंगतो. दिवाळीनंतर दोन महिन्यांत रेडिएटरच्या पुढे पांढरी गोधडी तयार होते. ब्लोअर मारून ती अर्धीच निघते, बाकीची आत दाबली जाते. रेडिएटर बाहेर काढून मागच्या बाजूने हवा मारावी लागते. म्हणून पुढच्या रेडिएटरच्या दोन्ही नळ्यांवर क्विक डिस्कनेक्टची एकेक जोडी लावली. गॅसच्या सिलिंडरचं रेग्युलेटर काढतो तसा खटका मागे ओढला की नळी सुटते, दोन्ही तोंडं आपोआप बंद होतात. स्वस्त नाहीत, प्रवाहही थोडा अडवतात, पण तापमानात मला फरक जाणवला नाही. हार्ड ट्यूबवरही हे लावता येतात, पण नळी हलतच नसेल तर सुटं होऊन रेडिएटर जाणार कुठे?

तरीही मशीन स्टुडिओत दर्शनी ठेवायचं असेल, दोन-तीन वर्षं त्यात काही बदलायचं नसेल आणि खोलीला एसी असेल, तर हार्ड ट्यूब करा. अ‍ॅक्रिलिकच घ्या. व्हॉल्व्ह तळातल्या तळात लावा, एम.२च्या सगळ्या जागा आधीच भरून टाका आणि ओ-रिंगची एक पुडी घरात ठेवा. भुसावळच्या मित्राचा लूप आजही माझ्यापेक्षा दहापट देखणा आहे. परवा मात्र तो विचारत होता, माझ्याकडे उरलेली काळी नळी साधारण किती मीटर असेल.