शार्कला टॅग लावायचाय, पण कोणता?

शार्क पकडून, खूण लावून पुन्हा समुद्रात सोडायचा म्हटलं की आधी खर्चाची चर्चा सुरू होते. खरं तर आधी हे ठरवावं, की माहिती परत येणार कुणाच्या हातून? मच्छीमाराच्या, उपग्रहाच्या, की पाण्याखाली बसवलेल्या यंत्राच्या?

सगळ्यात स्वस्त तो साधा टॅग. अमेरिकेत १९६२ पासून हौशी गळवाल्यांच्या आणि मच्छीमारांच्या मदतीने असे टॅग लावले जातात; हा उपक्रम आता ‘नोआ’ ही समुद्र आणि हवामान पाहणारी सरकारी संस्था चालवते. पोलादी टोक पाठीवरच्या पराच्या मुळाशी रुतवायचं, मागे छोटी कुपी, कुपीत कुठे कळवायचं त्याची चिठ्ठी. आजवर सुमारे तीन लाख शार्कना ते लागले, पण खबर येते शंभरात जेमतेम पाच-सहांची. मिळतं काय, तर दोन ठिकाणं, दोन तारखा आणि लांबी मोजली असेल तर वाढ. मधला प्रवास अंधारातच. तरीही एक सँडबार शार्क सुमारे २८ वर्षांनी पुन्हा सापडला. इतका काळ टिकणारी बॅटरी कुठल्याच टॅगमध्ये नाही.

उपग्रह टॅगची किंमत हजारो डॉलरांत जाते आणि त्याचे दोन प्रकार अगदी वेगळे आहेत. पराला बोल्टने बसवलेला टॅग अँटेना पाण्याबाहेर आली तरच बोलतो. टायगर शार्कसारख्या वर येणाऱ्या जातीला तो ठीक. तळाशी पडून राहणाऱ्या नर्स शार्कला लावाल तर पैसे पाण्यात, शब्दशः. दुसरा ठरल्या दिवशी आपोआप सुटून वर येतो आणि साठवलेली खोली, तापमान, उजेड यांची नोंद पाठवतो. उजेडावरून काढलेली जागा मात्र शंभराहून जास्त किलोमीटरनेही चुकू शकते. याच प्रकाराने २००३ साली दक्षिण आफ्रिकेत टॅग केलेली ‘निकोल’ ही पांढरी शार्क ९९ दिवसांत ऑस्ट्रेलियाला पोचल्याचं कळलं. ती परतल्याचं मात्र कळलं ते पराच्या फोटोवरून!

खाडी किंवा प्रवाळाजवळचा वावर पाहायचा असेल तर ध्वनी टॅग घ्या. त्याचा आवाज टिपणारी यंत्रं आधी तळाशी बसवावी लागतात. त्यांच्या टप्प्याबाहेर, म्हणजे साधारण काहीशे मीटरपलीकडे, शार्क गेला की सगळं गप्प.

पण शार्कला टॅगपेक्षा पकडलं जाणंच जास्त महागात पडतं. मोठा हॅमरहेड गळाला लागला की इतका झगडतो, की सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी पुढे मरू शकतो. त्याच्या बाबतीत झुंज लांबली तर टॅगचा मोह सोडून गळ कापावा, हे माझं स्पष्ट मत. इतर जातींनाही होता होईल तो पाण्यातच ठेवा. बोटीवर ओढून फोटो काढायची हौस कशाला?

व्हेल शार्कसाठी तर मी आधी कॅमेराच सुचवेन. कल्ल्यांमागच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि ती जुळवायला खगोलशास्त्रज्ञांची तारे ओळखण्याची गणिती पद्धत वापरतात. विद्यार्थ्याच्या बजेटात बसणारा हा मार्ग, आणि जनावराला हात लावावा लागत नाही. टॅगच लावायचा असेल तर हा मासा भारतात २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा यंत्राची ऑर्डर देण्याआधी परवानगीचा अर्ज करा.