संविधानाची मराठी प्रत घेताय? आधी तळटीपा आहेत का बघा

६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून घेतलेली जाडजूड प्रत, डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर मराठी, साडेतीनशेला पडली. घरी आधीच खिशात मावणारी एक होती त्यामुळे बायको म्हणाली दुसरी कशाला, त्यात पण तेच असणार. तर तेच नाहीये, म्हणून हा रिव्ह्यू.

तक्रारी आधी उरकतो. बाइंडिंग एकदम भंगार, दोन महिन्यात नववी अनुसूची सुटी होऊन हातात आली. प्रत अपडेटेड नाही, २०१९ ची १०३ वी सुधारणा (ईडब्ल्यूएसवाली) आहे पण २०२३ ची १०६ वी, लोकसभा-विधानसभेत बायकांना आरक्षण देणारी, नाही, आणि विकणारा छातीठोक सांगत होता लेटेस्ट आहे म्हणून. मराठी पण सरकारी, आपण शाळेत मार्गदर्शक तत्त्वं पाठ केली, इथे ती निदेशक तत्त्वे, परिशिष्टाची अनुसूची, कलमाचा अनुच्छेद. डावीकडचं इंग्रजी वाचून उजवीकडचं मराठी समजून घ्यावं लागलं असं दोनतीनदा झालं, हसू नका.

पण तळटीपा! माझ्या छोट्या प्रतीत त्या छापलेल्याच नाहीत आणि सगळा मसाला तिथेच आहे राव. वरचा मजकूर वाचला की वाटतं हे सगळं १९४९ मध्ये एकदाच ठरलं, खाली बारीक अक्षरात कोणी कधी काय घातलं आणि काय काढलं ते कळतं. उद्देशिकेचंच घ्या, समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द १९७६ च्या ४२ व्या सुधारणेतले, म्हणजे आणीबाणीतले, निम्मा विरोधी पक्ष जेलात असताना आलेले. मग जनता सरकारने ४४ वी सुधारणा करून आणीबाणीतलं बरंच काही उपसून काढलं पण हे दोन शब्द ठेवले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते काढायला नकार दिला.

गंमत म्हणजे १९४८ मध्येच के. टी. शहांनी घटना समितीत सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट असे शब्द घाला म्हणून सुधारणा मांडली होती आणि बाबासाहेबांनीच विरोध केला, समाजाची आर्थिक घडी कशी असावी ते त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं, घटनेत बांधून टाकायचं नाही. आता ह्याच माणसाने १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे जो मसुदा दिला त्यात शेती आणि मोठे उद्योग सरकारच्या ताब्यात असावेत आणि ते घटनेतच लिहावं, म्हणजे पुढच्या बहुमताला बदलता येणार नाही, अशी मागणी होती! मला तरी वाटतं १९४८ मध्ये ते मसुदा समितीची बाजू मांडत होते, स्वतःची नाही. वाद घालणारे घालतील.

आणि चौथा भाग, म्हणजे तीच निदेशक तत्त्वं, ही जत्रा आहे. ज्याची मागणी मुख्य भागात बसली नाही त्याला तिथे जागा दिलीय, गांधीवाल्यांना ४० मध्ये ग्रामपंचायती आणि ४७ मध्ये दारूबंदी, गोरक्षणवाल्यांना ४८, समाजवाद्यांना ३९(ब) आणि (क), म्हणजे समाजाची साधनसंपत्ती सगळ्यांच्या भल्यासाठी वाटली जावी आणि संपत्ती थोड्यांच्या हातात साचू नये. कोर्टात जाऊन मागता येत नाही अशी अट घालून! तरी ग्रामपंचायतीचा पुढे १९९२ च्या ७३ व्या सुधारणेत सबंध वेगळा भाग झालाच, आणि ज्या बाबासाहेबांनी खेड्यांना अज्ञानाचं आगर म्हटलं होतं त्यांच्याच घटनेत झाला.

आता ती सुटी झालेली नववी अनुसूची. ही मूळ घटनेत नव्हतीच, जमीनदारीविरुद्धचे कायदे कोर्टात अडकायला लागले म्हणून नेहरूंनी १९५१ च्या पहिल्याच सुधारणेत ही पेटी तयार केली, यात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या नावाने पाडता येऊ नये म्हणून. सुरुवातीला १३ कायदे, आज यादीचे नंबर २८४ पर्यंत गेलेत. आणि त्या १३ पैकी ६ आपल्या जुन्या मुंबई राज्याचे! दोन नंबरला आपला कुळकायदा, सहा नंबरला खोती, म्हणजे कोकणातली सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, रद्द करणारा कायदा. माझे आजोबा रत्नागिरीकडे खोताचं कूळ होते, त्यांच्या सातबाऱ्याचं मूळ असं एका ओळीत छापलेलं बघून पान तसंच धरून बसलो. खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात बिल आणलं होतं, तेव्हा पास नाही झालं. पण शेतकरी संघटनेतला माझा मित्र याच यादीला शेतकऱ्याच्या गळ्यातला फास म्हणतो, सीलिंगचे, म्हणजे किती जमीन ठेवता येईल याची मर्यादा घालणारे कायदे यातच आहेत आणि कोर्टाचं दार बंद केल्यावर शेतकऱ्याने जायचं कुठे? त्याचंही अगदी चूक नाही. पेटी एकदा केली की कोण काय टाकेल सांगता येत नाही, आणीबाणीच्या काळात यात मिसा, म्हणजे खटल्याशिवाय जेलात टाकणारा कायदा, पण टाकला होता. तो आणि तसे आणखी दोन ४४ व्या सुधारणेने काढले, म्हणून ८७, ९२ आणि १३० या नंबरांपुढे आता कायदा नाहीये, नुसतं काढल्याचं लिहिलंय. ३१ व्या अनुच्छेदाचं तेच, मालमत्तेचा मूलभूत हक्क होता तिथे, ४४ व्या सुधारणेने उचलून ३००-अ मध्ये साधा हक्क म्हणून ठेवला.

आमची गिरगावातली चाळ सेसची, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणारी जुनी इमारत आहे त्यामुळे ३९(ब) वर मी पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय. ७० टक्के भाडेकरू तयार झाले तर महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट देऊन इमारत त्यांच्या सोसायटीसाठी घ्यायची, अशी तरतूद म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आली, आणि मालक लोक जे भांडायला गेले ते प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजांपुढे पोचून ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती धरता येणार नाही. ३९(ब) मधला एक शब्दही बदललेला नाही, तळटीप पण नाही, १९७७ मध्ये जस्टिस कृष्ण अय्यर यांनी समाजवादी चष्म्यातून वाचलं होतं आणि २०२४ मध्ये बहुमताने सांगितलं की घटना एकाच आर्थिक विचाराला बांधलेली नाही. तेव्हा हे मात्र कुठल्याच प्रतीत सापडणार नाही, त्यासाठी निकालच वाचावे लागतात.

पाचपैकी साडेतीन स्टार, एक बाइंडिंगचा कापला आणि अर्धा त्या लेटेस्टवाल्याचा. घेताना पहिलं पान उघडून कितव्या सुधारणेपर्यंतची आहे ते बघा, आणि फेव्हिकॉल घरात ठेवा.