आठ महिने ३०० ओहमचा हेडफोन वापरल्यानंतर

फोनबरोबर मिळालेल्या इअरफोनवर अनेक वर्षे शास्त्रीय संगीत ऐकल्यानंतर मी गेल्या नोव्हेंबरमध्ये ३०० ओहमचा (म्हणजे विजेला जास्त रोध करणारा), ओपन-बॅक प्रकारचा (कपांची बाहेरची बाजू उघडी असलेला), वायरचा हेडफोन घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक सगळे या वर्गातील कोणत्याही हेडफोनला लागू पडते.

फोनच्या डोंगलमधून (फोनला हेडफोन जोडण्याच्या छोट्या जोडामधून) साधारण १ व्होल्ट मिळाला, तरी ३०० ओहमवर जेमतेम ३ मिलिवॉट शक्ती पोहोचते. त्यामुळे जुन्या, मुळातच हळू ध्वनिमुद्रित झालेल्या मैफली पूर्ण आवाजातही दबलेल्या वाटत होत्या आणि महिनाभरात छोटा अॅम्प्लिफायर घ्यावा लागला.

नवा हेडफोन 'रुळवण्यासाठी' शंभर तास मोठ्या आवाजात पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग आवाज) वाजवावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मोठ्या आवाजात व्हॉइस कॉइल (आतला पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) तापते आणि पडद्याची हालचाल मर्यादेबाहेर जाऊ शकते, म्हणून मी तो नेहमीच्याच आवाजात, मध्ये विश्रांती देत, सुमारे ४० तास आणि अर्थातच कानांवर न लावता वाजवला. डोक्यावरची पकड फार घट्ट होती. ती सैल व्हावी म्हणून रात्री हेडफोन भाजणीच्या डब्यावर चढवून ठेवत असे. डबा डोक्यापेक्षा किंचितच रुंद हवा. घाईने पट्टी ताणली, तर ती तडकण्याची किंवा कायमची सैल होण्याची भीती असते. ("डब्याला गाणं ऐकवताय का?" असे घरातून विचारले गेले.)

तिसऱ्या महिन्यापर्यंत तानपुऱ्याची जवारी अधिक जवळून, अधिक भरीव ऐकू येऊ लागली आणि मी त्याचे श्रेय त्या ४० तासांना देऊन टाकले. मात्र सहाव्या महिन्यात मळलेले इअरपॅड बदलून नवे बसवले, तेव्हा आवाज पुन्हा पहिल्या आठवड्यासारखा थोडा दूरचा झाला. ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे आतले भाग) तेच होते. म्हणजे इतके दिवस रुळत होते ते मुख्यतः पॅडमधील स्पंज. तो दबला की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि पॅड गालाला नीट टेकतो. राहिलेला फरक माझ्या कानांच्या सवयीचा असावा. पिंक नॉइजचा खटाटोप आता पुन्हा करणार नाही.

काळजी घ्यावी लागते ती कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, तर ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते. चांगला हेडफोन मोठ्या आवाजातही फाटत नाही, त्यामुळे आपण बटण किती फिरवले आहे हे लक्षात येत नाही. एकदा तर मी अॅम्प्लिफायरचे बटण तसेच ठेवून जुना ३२ ओहमचा इअरफोन जोडला आणि कानठळ्या बसल्या. तेव्हापासून आधी बटण शून्यावर, मग पिन, असा क्रम ठेवला आहे.

ओपन-बॅक असल्याने पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्या आत येतात, आपले गाणे शेजारच्या खुर्चीपर्यंत जाते. लोकल प्रवासात हा हेडफोन निरुपयोगी आहे. पावसाळ्यात मखमली पॅड घामाने दमट राहतात, म्हणून ऐकून झाल्यावर ते अर्धा तास उघड्यावर ठेवतो आणि मगच सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात टाकतो. हा डबा भाजणीचा नव्हे, वेगळा.