हँडब्रेक: सरकलेला आवाज जागेवर आणणारं फुकटचं सॉफ्टवेअर

आमच्या गावच्या सप्ताहातली कीर्तनं मी मोबाईलवर शूट करते. सुरुवातीला आवाज बरोबर; चाळीस मिनिटांनंतर मात्र महाराजांचे ओठ हलून गेल्यावर शब्द ऐकू येत. दोन रात्री मी आवाजाची पट्टी कापून कापून सरकवत बसले.

दोष एडिटिंगमध्ये नव्हताच. मोबाईल उजेडाप्रमाणे फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त करतो आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची टाइमलाइन तो ठराविक धरून चालते. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली, तर फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ (बदलता) लिहिलेलं दिसतं.

हँडब्रेक व्हिडिओची नवी फाइल बनवून देतं, म्हणून एडिटिंगआधी फाइल त्यात घातली; व्हिडिओ टॅबवर फ्रेम रेट ३० केला, खाली ‘कॉन्स्टंट’ (कायम सारखा) निवडलं. इथे नीट बघा: प्रीसेटमध्ये, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या सेटिंगमध्ये, बहुधा ‘पीक’ (फक्त वरची मर्यादा, खाली बदलता) असतं, आणि ते तसंच राहिलं तर सगळी मेहनत वाया. क्वालिटीचा आकडा २२ वरून १८ वर आणला; आकडा कमी तितकं चित्र स्वच्छ, फाइल मोठी. माझ्या जुन्या लॅपटॉपला एका कीर्तनाला तासाच्या वर लागतो, पंखा घोंघावतो. चालेल मला. अभंगाच्या शेवटच्या ओळीपर्यंत टाळ आता हातांबरोबरच वाजतो.