वर्धा रोडचं एसी सावजी: जागा फर्स्ट क्लास, रस्सा भित्रा

नाव नाही लिहीत, मालक भला माणूस आहे आणि मी दोन गोष्टी वाकड्या लिहिणार आहे. नागपुरात वर्धा रोडवर छत्रपती चौकाच्या पुढे डबल डेकर पुलाला लागून ज्या नवीन काचेच्या बिल्डिंगा झाल्या ना, त्यातल्या एकीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टनं वर जाऊन सावजी, म्हणजे आमचं नागपुरी जहाल तिखट रश्श्याचं जेवण, खायचं हेच आधी पचवावं लागते बाप्पा.

जागा मात्र मानली. एसी, चकाचक बेसिन, नळाला गरम पाणी (तर्री थंड पाण्यानं बोटाची जात नाही हे खाणाऱ्यालाच माहीत), टेबलावर क्यूआर कोड, आणि चक्क लहान लेकरांची उंच खुर्ची. बाजूच्या टेबलावर मिहानमधल्या (विमानतळाजवळचा नवीन कंपन्यांचा भाग) कोणत्यातरी आयटी कंपनीच्या चार-पाच पोरी, गळ्यात आयकार्ड तसंच, मुंडी (बकऱ्याचं डोकं) मागवून मस्त हाडं चोखत बसल्या होत्या, सोबत कोणी दादा नाही की काका नाही. आमच्या आईची जिंदगी जुन्या नागपुरात, इतवारीत गेली पण सावजीच्या हॉटेलात तिनं कधी पाय नाही ठेवला, कारण तिथं बाकडे, बाप्ये, आणि अर्ध्याच्या खिशात पव्वा. बाबा डब्यात रस्सा आणायचे तो घरी खायचा, बस. यावेळी तीच आई मेनू कार्ड उलटंपालटं करून मला म्हणते, "डाळकांदा सांग रे, आणि तुह्या बायकोसाठी कमी तिखट नको सांगू, खाते ती." याचे पूर्ण मार्क हॉटेलला. तर्रीबाज मंडळी "सावजीचा माहोल गेला" म्हणून रडून राहिली आहेत, पण तो माहोल कोणाचा होता हे पण पाहा ना जरा.

आता रस्सा. वेटर येऊन विचारते, "सर, माईल्ड, मीडियम की सावजी?" अरे भाऊ, बोर्डावर काय लिहिलं आहे तुम्ही! बरं, सावजी सांगितला. रंग काळपट लाल, बरोबर. वर तेलाचा थर, बरोबर. मटण एकदम नरम शिजलेलं, हाडाला सुटून आलेलं, तिथं बोट ठेवायला जागा नाही. पण खरा सावजीचा जाळ उशिरा येते, पहिला घास गप्प असते, तिसऱ्या-चौथ्या घासाला मिरे आणि दगडफूल घशात मागून चढते आणि मग कानामागून घाम. इथं सगळं तिखट पहिल्याच घासाला जिभेवर आदळते आणि लगेच संपून पण जाते. जवसाच्या तेलाचा वास तर औषधालाही नाही. विचारलं तर मालकच म्हणाला, मसाला तयार पाकिटातून येते, रोज सारखी चव पाहिजे ना भाऊ, अ‍ॅपवर रेटिंग पडते नाहीतर. स्वयंपाकी बालाघाटचा आहे, हात चांगला आहे त्याचा, भाकरी टम्म फुगवून देते, पण कोष्ट्याच्या, म्हणजे विणकराच्या, घरचा रस्सा त्यानं कधी खाल्लाच नाही तर त्याला दोष कशाला द्यायचा.

जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, हे जेवण विणकरांचं आहे, हलबा कोष्टी लोकांचं. गोळीबार चौक, तांडापेठ, नाईक तलाव, हा सगळा मागाच्या खटखटीचा भाग होता. काही जण हातमागावर, काही जण जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये. मग पॉवरलूम आले, हातमाग बसले, पुढं मिल पण बंद पडली, गांधीसागरजवळ तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. सुताचा पैसा आटला तेव्हा कितीतरी घरी बाईनं समोरच्या खोलीत दोन बाकडे टाकून चुलीवर संसार चालवला, पाट्यावर मसाला वाटून. आज शहरभर सावजीच्या पाट्या आहेत, हायवेच्या ढाब्यावर पण सावजी, आणि त्या वाटणाऱ्या बाईचं यात काय राहिलं म्हणाल तर पाटीवरचं नाव.

मालक कोष्टी नाही, त्यानंच सांगितलं गप्पा मारता मारता. शेती होती खापरीकडं, मिहानमध्ये गेली, मोबदला आला. म्हणे गावात कोणी गाड्या घेतल्या, कोणी पोरीचं लग्न धूमधडाक्यात केलं, कोणाचा पैसा कुठं गेला त्यालाच माहीत, यानं गाळा घेऊन हॉटेल टाकलं. आणि गिऱ्हाईक कोण, तर त्याच जमिनीवरच्या कंपन्यांत काम करणारे पोट्टे-पोट्ट्या. मला हा माणूस आवडला, खोटं बोलत नाही, "भाऊ मला वांग्यातलं कळते, मसाल्यातलं नाही" म्हणाला. मग गोळीबार चौकातली एखादी बाई मसाल्याला पगारावर ठेव ना बाबा, म्हटलं. हसला. पाकीट स्वस्त पडते म्हणे. इथंच माझा दीड स्टार गेला.

रेट: मटण थाळी ३८०, ज्वारीची भाकर ४० ला एक, एसीचा खर्च भाकरीतूनच काढून राहिले असं वाटते. जुन्या भागात याच्या अर्ध्यात पोट भरते, फक्त तिथं पंखा पण नशिबात असेल तर.

यायचं कसं, तर मेट्रोनं. छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या होत्या, धूळ पण लय खाल्ली, पण आता खाली रस्ता, वर पूल, त्याच्यावर मेट्रो, अन् सीताबर्डीहून आरामात येता येते. गाडी आणाल तर खांबाच्या बाजूला लावू नका, उचलून नेतात. रात्री उशीर झाला आणि मेट्रो सुटली तर ऑटोवाला मीटरचं नाव काढत नाही, आधीच भाव ठरवा.

काय मागवायचं: पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) सगळ्यात चांगला निघाला, त्यात पाकिटाची चव दबते. डाळकांदा आईनं पास केला. खूर (बकऱ्याचे पाय) मागवू नका, घाईत शिजवतात. कांदा-लिंबू दुसऱ्यांदा मागितला तर पैसे नाही घेत. रविवारी दुपारी वेटिंग असते, एकच्या आधी पोचा.

साडेतीन स्टार. घरच्यांना, पाहुण्यांना, पुण्याहून आलेल्या मित्राला घेऊन बिनधास्त जा. रस्सा खायची तल्लफ आली असेल तर मात्र गोळीबार चौक, आणि डबा घरून न्या.